वाटेवरच आहे म्हणून

नॉरबी, मिनेसोटा
११ जानेवारी

मार्लिस,

तू बरी असशील असं धरून चालतो. पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. व्हर्नाचा नवरा केनेथ गेला, पण तो ऑक्टोबरात, आणि ते लुएला आत्याने तुला कळवलं असणार. ती सगळ्यांना सगळं कळवते.

लिहितोय ते कामासाठी. या उन्हाळ्यात आम्ही काही जण पश्चिमेकडची राष्ट्रीय उद्यानं बघायला निघणार आहोत. चर्चची व्हॅन मिळतेय. चालवणार मी. शाळेची बस जन्मभर चालवली, तर चार म्हातारी न्यायला काय जड आहे, असं सगळे म्हणतात. शाळेतली पोरं निदान मला घाबरायची.

मंडळी तुझ्या ओळखीचीच आहेत. व्हर्ना, चर्चमधल्या रविवारच्या शाळेत तुला शिकवायची ती. आखणी सगळी तिच्याकडे, कारण केनेथ गेल्यापासून तिला हात रिकामे ठेवता येत नाहीत. लॉयल, माझा पत्त्यांतला भिडू. कानाचं यंत्र तो खिशात ठेवतो, म्हणजे बॅटरी वाचते म्हणे. आणि हार्लन आणि आर्डेल, गाईवाले. मागच्या वर्षी गाई विकल्या, त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांना धारेची काळजी न करता बाहेर राहता येईल. हार्लन म्हणतो की सुट्टीत काय करायचं असतं ते कुणीतरी आधी सांगून ठेवा.

कल्पना कुणाची म्हणशील तर कुणाचीच नाही. चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती, टेबलावर कुणीतरी नकाशा ठेवला होता, आणि आर्डेल म्हणाली, "यलोस्टोन काही फार लांब दिसत नाही." नकाशावर काहीच लांब दिसत नाही, पण त्यावरून बोलणं वाढलं. लॉयल म्हणाला, "म्हाताऱ्यांना या उद्यानांचा आजन्म पास मिळतो. एकदा काढला की मरेपर्यंत बघायला नको." हार्लन म्हणाला, "तुझ्याकडे बघून फाटकावरचा माणूस आनंदाने देईल. त्याचं फार नुकसान नाही."

आता विचारायचं ते असं. तू तिकडे मोंटानात काउंटीच्या रस्त्यांवर काम करतेस, हिवाळ्यात बर्फ काढतेस, उन्हाळ्यात रस्ते सपाट करणारा ग्रेडर चालवतेस, तेव्हा तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? बेअरटूथचा घाट कधी उघडतो? जूनच्या शेवटी तिथे बर्फ असतो का? उंचीवर इंजिन दमतं का, आणि माणूस? अस्वल रस्त्यात आलं तर थांबायचं की हळूहळू पुढे जायचं? लांब उतारावर ब्रेक तापले तर काय करायचं? आपल्याकडे उतारच नाही, त्यामुळे मला सवय नाही. बसमध्ये कधी प्रश्न आला नाही.

आमचा रस्ता बिलिंग्जवरून लिव्हिंगस्टनला आणि तिथून खाली यलोस्टोनच्या तोंडाशी गार्डिनरला जातो, म्हणजे तुझ्या भागातून. मुद्दाम नाही. रस्ताच तसा आहे.

नाताळचं कार्ड मिळालं. छापील होतं, पण चित्र छान होतं.

तुझे बाबा,
ओर्लिन

ता.क. थंडी फार आहे. वरच्या मजल्याची हीटिंग मी बंद केली आहे. खाली खुर्चीतच चांगली झोप लागते.

३ फेब्रुवारी

मार्लिस,

पोस्टकार्ड मिळालं. लगेच आलं म्हणायचं.

"घाट मेअखेर उघडतो. जूनमध्येही बर्फ पडू शकतो. उतारावर खालचा गिअर, ब्रेक नाही. अस्वल दिसलं तर गाडीत बसा." एवढंच, पण सगळं आलं. मी ते तळघरात सगळ्यांना वाचून दाखवलं. आर्डेल म्हणाली, "मुद्द्याचं लिहिते पोर." लॉयलने कार्ड हातात घेऊन मागे-पुढे केलं आणि म्हणाला, "ख्यालीखुशाली दुसऱ्या कार्डावर येतेय का?" त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. खाली नाव नव्हतं, पण अक्षर तुझं आहे हे कळलं. तुझ्या आईचं, बर्निसचंच आहे ते, पुढे धावणारं.

व्हर्नाने गार्डिनरमधल्या लाकडी खोल्यांची चौकशी केली आहे. तेव्हा हार्लन मला म्हणाला, "तुझी पोर तिथेच असते ना? तिच्याकडे उतरणार असशील." मी म्हणालो, बघू. आपल्याकडे "बघू" म्हटलं की लोक दुसरा विषय काढतात.

हार्लनला सगळं माहीत नाही, म्हणून तो विचारतो. मला वाटतं तुला तरी माझी बाजू माहीत असावी, म्हणून एकदा लिहून टाकतो. तुझी आई गेल्याला वर्ष झालं तेव्हा तू फोन केलास. म्हणालीस, बाबा, इकडे माझ्याकडे राहायला या. मी म्हणालो, नको गं, तुला कशाला त्रास. तू म्हणालीस, त्रास नाही, खोली रिकामी आहे. मी म्हणालो, नको, तुझं तू बघ. आणि तू म्हणालीस, "ठीक आहे. मी पुन्हा विचारणार नाही." आणि खरंच विचारलं नाहीस.

आता तूच सांग, या गावात वाढलेल्या माणसाने असं करायचं? आपल्याकडे कॉफी घेतोस का विचारलं तरी माणूस आधी नको म्हणतो. पुन्हा विचारलं तर म्हणतो, कशाला उगाच. तिसऱ्यांदा विचारलं की कपाला हात लावतो. पहिल्याच वेळी हो म्हणणाऱ्याला लोक हावरट म्हणतात. तू कॉफीचा किटलीभर अनुभव घेऊन इथून गेलीस. तिकडच्या लोकांत राहून विसरलीस, एवढंच.

मी काही दोष देत नाही. माझी बाजू सांगितली.

टायरला बांधायच्या बर्फाच्या साखळ्या घेऊ का? जूनमध्ये साखळ्या दिसल्या तर लॉयल हसेल, पण नसल्या आणि लागल्या तर?

ओर्लिन, तुझे बाबा

२४ फेब्रुवारी

मार्लिस,

पाकीट आलं. पोस्टकार्ड नाही, पाकीट. पोस्टातल्या बाईनेही तेच म्हटलं.

तू लिहिलंस, "साखळ्या नकोत. गार्डिनरला आलात तर माझ्याकडे थांबू शकता. जागा आहे." मागच्या पत्रातल्या गोष्टीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. ते बरंच केलंस.

तर तू त्रास घेऊ नकोस. आम्ही पाच जण, त्यात लॉयलला सकाळी बराच वेळ न्हाणीघर लागतं, आणि आर्डेल दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेली की कपाटं लावून ठेवते. व्हर्नाने खोल्या बघितल्याच आहेत. मी एकटा कॉफीपुरता डोकावेन कदाचित. तेही अगदी वाटेवरच असेल तर. तुझं घर मोठ्या रस्त्यापासून किती आत आहे ते मला माहीत नाही, आणि एवढी मोठी व्हॅन वळवायला जागा असेल नसेल. कामाच्या दिवशी तू सुट्टी घेऊ नकोस. रविवार असला तरी तुझी कामं असतील.

बाकी ठीक. पायऱ्यांवर बर्फ होता, घसरलो, पण लागलं नाही. मनगट जरा. म्हणून अक्षर असं.

हे पत्र मी आधी एकदा लिहिलं होतं. ते याच्यापेक्षा लहान होतं आणि बरं होतं. पण टाकलं नाही.

बाबा

११ मार्च

मार्लिस,

उत्तर नाही, म्हणजे तू कामात असशील. मार्चमध्ये तिकडे जोराचा बर्फ पडतो असं टीव्हीवर सांगतात. तुमची काउंटी दाखवत नाहीत, पण शेजारची दाखवतात. बर्फ काढणारी नारिंगी गाडी दिसली की मी टीव्हीच्या जवळ जाऊन बघतो. आत कोण बसलंय ते दिसत नाही.

मी डोंगरातली सवय करतोय. डोंगर नाही, तर काय करणार? हायवेवरून जाणारा पूल आहे ना, दाण्याच्या कोठाराजवळचा, तोच आपल्या भागातला सगळ्यात मोठा चढ. व्हॅन घेऊन मी त्याच्यावर चढतो, पलीकडे खालच्या गिअरमध्ये उतरतो, वळून पुन्हा येतो. ब्रेकला पाय लावायचा नाही, तू सांगितल्याप्रमाणे. चांगलं जमायला लागलं होतं. तेवढ्यात पोलिसाची गाडी मागे लागली. उतरला तो टॉडचा मुलगा, ब्रेंट. माझ्या बसमधला.

"ओर्लिन काका, रस्ता चुकलात का?"

"नाही रे."

"सकाळपासून तीन जणांनी फोन केला. म्हणतात चर्चची व्हॅन पुलावर घिरट्या घालतेय, काका भ्रमिष्ट झालेत."

"मी बेअरटूथचा घाट उतरतोय."

त्याने टोपी मागे सरकवली. मग मी त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि दुसरीत असताना त्याने माझ्या बसमध्ये उलटी केली होती तीही आठवण करून दिली, तेव्हा तो हसला. म्हणाला, "काका, त्यापेक्षा त्यांच्याकडे विमानाने का जात नाही?" मी म्हणालो, "त्यांच्याकडे म्हणजे कुणाकडे? आम्ही उद्यानं बघायला जातोय."

लोकांना काय वाटेल याची आता काळजी लागली आहे. व्हॅन मला चालवू देतील ना? एखादा म्हणायचा, याचं वय झालं. तोंडावर कुणी म्हणणार नाही, पण तळघरात म्हणतील.

तुला जमेल तेव्हा दोन ओळी लिही. टायरबद्दल लिही.

बाबा

२९ मार्च

मार्लिस,

बेत बदलला. तुला लवकर कळवलेलं बरं, म्हणून आजच लिहितोय.

काल सगळे जमलो होतो. आर्डेलने रुबार्बच्या आंबट देठांचे गोड बार आणले होते. व्हर्नाने नकाशा पसरला आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "मी विचार करत होते, यलोस्टोनला काय, सगळेच जातात. युटात ते लाल खडक आहेत. झायन आहे, ब्राइस आहे. म्हणजे, कुणाची हरकत नसेल तर."

सगळ्यांनी एकेक बार उचलला. मग आर्डेल म्हणाली, "वेगळं होईल."

आपल्याकडे वेगळं कशाला म्हणतात ते तुला माहीत आहे. आर्डेलच्या गाजर घातलेल्या जेलीला आपण वेगळंच म्हणतो. पण त्यातला सूर तिच्या नवऱ्याला कळला नाही. हार्लन म्हणाला, "आर्डेलला आवडत असेल तर माझं काय?" आणि विचारलं, "गरम असेल का पण?"

"कोरडी हवा असते," व्हर्ना म्हणाली. "कोरडं ऊन लागत नाही म्हणतात."

"भट्टीपण कोरडीच असते," लॉयल म्हणाला. त्या दिवशी यंत्र कानात होतं. पण लगेच म्हणाला, "सगळ्यांना जायचं असेल तर मी काय, मागच्या बाकावर बसेन."

मग व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं. "ओर्लिन, गाडी तुझ्या हातात आहे. तुला काय वाटतं?"

"अगदीच वाईट नाही," मी म्हणालो.

"म्हणजे चालेल?"

"तुम्हाला चालत असेल तर."

"बघ, तुला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण."

"नाही नाही. मला काय म्हणायचं असणार?"

हात वर करायला सांगितले. सगळ्यांचे वर गेले. मार्लिस, माझाही गेला. व्हर्नाने लगेच फोन करून तिकडच्या खोल्या पक्क्या केल्या आणि गार्डिनरच्या सोडल्या.

तेव्हा तुझ्या भागात आता येणं होत नाही. तुलाही सोयीचं झालं, तुझी धावपळ वाचली. वायोमिंगमधून खालीच वळायचं आहे, तुझ्याकडची वाट लागतच नाही. लाल खडक बघण्यासारखे असतात म्हणे. संध्याकाळी जास्त लाल दिसतात.

बाबा

१६ एप्रिल

मार्लिस,

तुझं कार्ड आलं. "समजलं. नेहमीसारखंच."

ते मी फ्रिजवर लावलं होतं, मग काढलं. आता टेबलावर पालथं ठेवलंय.

तुला वाटतंय की मी ठरवून टाळलं. आधी कल्पना काढायची, रस्त्याची चौकशी करायची आणि मग दुसरीकडे जायचं. मीच ते वाचलं असतं तर मलाही तसंच वाटलं असतं. म्हणून नंतर काय झालं ते ऐक.

लॉयलकडे पत्ते खेळायला गेलो होतो. डाव मांडता मांडता तो म्हणाला, "युटा! अरे, जुलैच्या तोंडावर आपण तिकडे काय सुकायला चाललोय? मनुके होऊन येऊ." मी म्हणालो, "मग हात कशाला वर केलास?" तर म्हणतो, "तुझा वर होता म्हणून. मला वाटलं तुला तिकडे जायचंय."

दुसऱ्या दिवशी दुकानात आर्डेल भेटली. उन्हाची टोपी बघत होती आणि तोंड वाकडं होतं. मी सहज म्हणालो, खडक बघायची हौस दिसतेय. ती म्हणाली, "कसली हौस? मला तर यलोस्टोनचे ते गरम पाण्याचे फवारे बघायचे होते. लहानपणी कॅलेंडरवर होते आमच्या. पण केनेथची लाल खडक बघायची इच्छा राहून गेली असेल, व्हर्नाला त्याच्यासाठी जायचं असेल. तिचं मन कसं मोडायचं?"

म्हणून व्हर्नाकडे गेलो. तिने कॉफी दिली आणि पुढे एक बार ठेवला. मी म्हणालो, केनेथला खडक फार आवडायचे वाटतं. ती म्हणाली, "केनेथला? केनेथला गॅरेजच्या बाहेर काहीच आवडायचं नाही." मग कप खाली ठेवून म्हणाली, "ओर्लिन, मला तरी कुठे जायचंय तिकडे? मोंटानाचं नाव निघालं की तू कॉफी ढवळत बसतोस. साखर घालत नाहीस, दूध घालत नाहीस, नुसता चमचा फिरवत राहतोस. मला वाटलं पोरीच्या दारावरून जायचं तुझ्या जिवावर आलंय आणि तू बोलत नाहीस. म्हणून मीच दुसरं काढलं. तुला सोडवायला."

म्हणजे युटाला कुणालाच जायचं नाही. सगळे एकमेकांसाठी चालले आहेत.

तेव्हाच तिला सांगायचं होतं. माझ्या ओठांवर होतं. मी काय म्हणालो? "तसं काही नाही." आणि बार खाऊन परत आलो.

खरं तर त्या पहिल्या दिवशी तळघरात नकाशा मीच नेला होता. मोंटानाची घडी वर करून ठेवला होता.

बाबा

४ मे

मार्लिस,

काल बोललो.

शेवटची बैठक होती. कोण कुठे बसणार, औषधं कुठल्या पिशवीत ठेवायची, हार्लनने मोजे किती घ्यायचे, हे सगळं चाललं होतं. मी उभा राहिलो. आपल्याकडे बैठकीत कुणी उभं राहत नाही, त्यामुळे आर्डेलला वाटलं मला काहीतरी होतंय. ती म्हणाली, "खुर्ची द्या कुणीतरी." मी म्हणालो, खुर्ची आहे, मी तिच्यातूनच उठलोय.

मग म्हणालो, "मला युटाला जायचं नाही. यलोस्टोनलाही नाही. मला मार्लिसकडे जायचंय."

कॉफीचं यंत्र घरघरत होतं. आर्डेलने बारची ताटली माझ्यापुढे सरकवली. "घे," ती म्हणाली. आणि त्याच वेळी लॉयल खिसे चाचपत होता. कानाचं यंत्र काढलं, घातलं आणि म्हणाला, "मला कळलं नाही. काय म्हणाला हा?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणून मला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि ओरडून म्हणावं लागलं. वरच्या मजल्यावर गाण्याची तालीम चालली होती, ती थांबली.

"मग आधी का नाही बोललास, लेका?" लॉयल म्हणाला.

"तू तरी बोललास का?"

मग सगळे बोलले. आर्डेलने गरम पाण्याच्या फवाऱ्यांचं सांगितलं. हार्लन म्हणाला की त्याला गाई नसलेल्या ठिकाणी कुठेही चालतं, पण भाजून नको. व्हर्ना हसायला लागली आणि मग डोळे पुसायला लागली. मला वाटलं, आता सगळं सरळ होणार. पण तू या लोकांना ओळखतेस. आर्डेल म्हणाली, "पण खोल्या घेतल्यात."

"हो, तिथल्या बाई फोनवर फार चांगलं बोलल्या," व्हर्ना म्हणाली.

"मग त्यांना नाही कसं म्हणायचं?" हार्लन म्हणाला.

आणि ठरलं. चौघं युटाला जाणार. कुणालाही जायचं नाही, पण फोनवरच्या बाईचं मन मोडायचं नाही. हार्लन गाडी चालवणार. उतारावर खालचा गिअर, हे मी त्याला तुझ्या नावाने सांगितलं आहे.

निघताना व्हर्नाने मला दारात थांबवलं.

"तिने बोलावलंय का तुला?"

"फेब्रुवारीत लिहिलं होतं. थांबू शकता म्हणून."

"आणि तू काय कळवलंस?"

"त्रास घेऊ नकोस म्हणालो."

"गाढवा," व्हर्ना म्हणाली. रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईकडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

लुएला आत्याने मला मागेच सांगितलं होतं की फोन करायच्या आधी तू त्या खोलीला रंग दिला होतास. पिवळा. हे तू मला सांगितलं नव्हतंस. तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं होतं, रिकामी खोली म्हणजे नुसती रिकामी.

मी जूनमध्ये येतो. माझा पिकअप घेऊन येतो, त्याला टायर नवे घातले आहेत. नको असेल तर कळव. किती दिवस, ते काही ठरवलेलं नाही.

बाबा

१४ जून
तुझ्या दारात

मार्लिस,

नको म्हणून तुझं काही आलं नाही. ये म्हणूनही आलं नाही. मी आलो.

नकाशाच्या मागे लिहितोय, दुसरा कागद हाताशी नाही. तू घरी नसलीस तर ही चिठ्ठी दाराच्या फटीत लावून गावात जाऊन थांबणार होतो. पण गावात जायला निघवत नाही, इथेच बसलोय. तुझं कुत्रं आधी फार भुंकलं. मग माझा सँडविच खाऊन टायरला टेकून झोपलं. माझं मागचं चाक त्यामुळे अडकलंय.

काल माइल्स सिटीच्या अलीकडे परत फिरलो होतो. हायवेवरून उतरलोही. तिथे पेट्रोल भरलं, कॉफी घेतली, आणि मग पुन्हा पश्चिमेकडे लागलो. का ते सांगता येणार नाही. डोकं म्हणत होतं की न बोलावता जाणं हे काही आपलं नाही. घरी जाऊन फोन करावा, तिने दोनदा विचारावं, मग निघावं. पण घरी जाऊन खुर्चीतच बसलो असतो.

गार्डिनरच्या अलीकडच्या दुकानात तुझं घर विचारलं. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "मार्लिसकडे? तिने बोलावलंय का?" मी म्हणालो, नाही. "तुम्ही कोण?" म्हटलं, बाप. तिने मला वर-खाली पाहिलं, म्हणाली, "मग आधी का नाही सांगायचं," आणि रस्ता काढून दिला.

त्या रस्त्यावर मी येत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. असं म्हणायचं ठरवलं होतं की पुढे कुठलंसं तळं बघायला चाललो होतो, वाटेवर तुझं घर लागलं, म्हणून डोकावलो. पण खडी संपत गेली, झाडं जवळ आली, आणि मग तुझ्या लाकडाच्या ढिगाजवळ रस्ताच संपला. पुढे काही नाही. तळं नाही, दुसरं घर नाही, वळायलाही धड जागा नाही. तुझं घर कशाच्याच वाटेवर नाही. इथे जो येतो तो तुझ्याकडेच येतो.

तेव्हा सांगतो. मी तुझ्याकडेच आलोय. मला तिथे एकट्याला नको झालंय, आणि मला तुझ्याजवळ राहायचंय, खोली असली तर खोलीत, नसली तर या गाडीत, जोवर तुला चालेल तोवर. तू एकदाच हो म्हण किंवा एकदाच नाही म्हण. जे म्हणशील ते मी पहिल्यांदाच ऐकेन.

ब्रेकशिवाय उतरलो सगळे उतार. इंजिन जरा...

खालून गाडीचा आवाज येतोय, मोठ्या गाडीचा. कुत्रं उठलंय आणि शेपटी हलवतंय. या रस्त्याने दुसऱ्या कुणाकडे जाता येत नाही, म्हणजे तूच. चिठ्ठी खिशात ठेवतो. तोंडानेच सांगतो.